मेजरमामांचं रिकामेशन

मेजरमामांवर अन्याय झाला तो १९८६ सालच्या जयंतीच्या आदल्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पूर्णेत, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीपाशी. आणि तो करणारा मी. आजवर शेकड्यांनी पत्रकं लिहिली, सगळी दुसऱ्यांच्या विरोधात. हे पहिलंच स्वतःच्या. तरी त्यात सुरुवातीलाच जाहीर करतो की अख्ख्या परभणी जिल्ह्यात मेजरमामांइतका हट्टी, मेजरमामांइतका निरुपद्रवी आणि रविवार इतक्या गंभीरपणे घेणारा दुसरा माणूस झाला नाही. कुणाचा तसा दावा असेल तर त्यानं तो माणूस घेऊन पूर्णा जंक्शनवर उतरावं. समोरासमोर होऊन जाऊ द्या.

मेजरमामा मेजर नव्हते आणि मामाही नव्हते. फौजेतला त्यांचा हुद्दा लान्सनायकाचा. पण आमच्याकडे मिलिटरीतून आलेला प्रत्येक गडी वेशीतून आत येईपर्यंत मेजर होऊन जातो. आणि त्यांच्या बायकोला सारी वस्ती मामी म्हणायची, म्हणून हे मामा. नोकरीतली दोन-तीन वर्षं त्यांनी समुद्रापलीकडच्या एका वाळवंटात काढली होती. दोन भांडखोर मुलखांच्या मधोमध पाच-सहा देशांच्या पलटणी शांतिसेना म्हणून निळ्या टोप्या घालून बसल्या होत्या, त्यात आपलीही एक. मामांच्या हातात तिथं बंदूक कमी आणि कॅरमची सोंगटी जास्त. कारण त्यांची नेमणूक होती रिक्रिएशनच्या तंबूवर. चेंडू, दोर, पत्ते, बॅडमिंटनची जाळी, सगळं त्यांच्या ताब्यात. दर महिन्याच्या एक तारखेला तंबूबाहेरच्या फळ्यावर महिन्याचा कार्यक्रम लागायचा : पहिला रविवार रस्सीखेच, दुसरा समुद्रस्नान, तिसरा सिनेमा, चौथा जुनी शहरं पाहणे. खाली कोरा कागद. ज्याला जायचंय त्यानं नाव लिहायचं. मामा सांगायचे, आणि सांगताना दर वेळी उभे राहायचे : "गोरा साहेब असो का भंगी असो, यादीत नाव लिवलं की ट्रकात जागा आली. कुनी इचारत न्हाई तू कोनाचा."

पेन्शनीत निघून ते पूर्णेला आले, रेल्वेच्या मालधक्क्यावर रखवालदार झाले, आणि ते सगळं विसरूनही गेले असते. पण अठ्ठ्याहत्तर साल आलं. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमची घरं पेटली. माणसं पोरंबाळं घेऊन आमच्या वस्तीत येऊन पडली. महिना गेला तरी ती वस्तीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकीनात. दळणसुद्धा शेजाऱ्याकडून आणवायची. तेव्हा मामांनी कुठूनसा एक मोडका फळा आणला, विहाराच्या भिंतीला ठोकला आणि त्यावर खडूनं लिहिलं : 'चालू महिन्याचं रिक्रिएशन'. वस्तीनं वाचलं, 'रिकामेशन'. तेव्हापासून तेच नाव पडलं, आणि मामांनी विरोध केला नाही. म्हणाले, "बराबर हाय. मानूस येक दिस तरी भ्यायचं सोडून रिकामा पायजेल."

पहिल्या महिन्याचा कार्यक्रम त्यांनी परदेशातल्या फळ्यावरून आठवेल तसा जसाच्या तसा उतरवला होता. म्हणजे त्यात समुद्रस्नानही होतं. परभणी जिल्ह्यात! पण लिहिलं ते लिहिलं. मामांनी चाळीस माणसं एसटीनं येलदरीच्या धरणावर नेली, पाण्याकडे हात केला आणि हुकूम सोडला, "समुद्र. उतरा." रेल्वेतला एक पॉइंट्समन, भीमराव, पहिली चूळ भरून म्हणाला, "मेजर, ह्ये तं गोडं हाय की." मामा शांतपणे म्हणाले, "लहान हाय अजून. मोठं झालं की खारं व्हईल." पण त्या दिवशी ज्या बाया महिनाभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकमेकींवर पाणी उडवत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा बारा वर्षांचा.

त्यांच्या सहलींचे विषय ऐकून परका माणूस हसायचा. एका रविवारी 'इंजिन बघणे'. आमच्या वस्तीतले निम्मे लोक लोको शेडातच राबणारे. त्यांनाच इस्त्रीचे कपडे घालून शेड दाखवायला नेलं. भीमराव कुरकुरला, तर मामा म्हणाले, "राबाया जानं येगळं आन् बघाया जानं येगळं. आज इंजिनाला तू बघ, इंजिन तुला बघनार न्हाई." शिस्त मात्र पलटणीची. निघताना शिटी, मोजणी. परतताना शिटी, मोजणी. जितके नेले तितके आणायचे. आकडा जुळला की टाच आपटून आरोळी, "पूर्णा पूर्ण!" मानवतच्या बाजाराच्या सहलीत एकदा नेले बत्तीस आणि भरले तेहतीस. मामांनी तीनदा मोजलं. शेवटी रांगेच्या टोकाला एक मेंढपाळ सापडला, खांद्यावर घोंगडी, मेहुण्याकडे निघालेला. का उभा राहिलास म्हटल्यावर म्हणाला, "रांग दिसली. म्हनलं कायतरी वाटायलेत." मामांनी त्याला हाकलला नाही. रांगेत उभा राहिला म्हणजे आपला. त्याचं नाव यादीत चढवलं, त्याला पूर्णेला आणलं, मामींच्या हातची भाकरी खाऊ घातली, आणि दुसऱ्या दिवशी 'सहलीतून रीतसर मोकळे केले आहे' अशी चिठ्ठी देऊन मानवतच्या एसटीत बसवून दिलं. मेहुण्यानं ती चिठ्ठी काय समजून वाचली असेल कोण जाणे.

मी विशीचा झालो तसा मला या सगळ्याचा संताप यायला लागला. मी स्पष्ट सांगतो, चळवळीत असलेल्या माणसाला रविवार नसतो. मी सायक्लोस्टाईलवर एक पत्रक काढलं : 'नाव मिळेना आणि मेजर पोहेना'. 'पोहेना' चुकलं होतं, म्हणायचं होतं पोहतात. पण यमक हातून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पत्रक फळ्यावर, तांबड्या पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून, आणि वर शेरा : 'तिसरा रविवार, वाचन. मजकूर सोबत.' त्या रविवारी मलाच ते उभं राहून वाचावं लागलं. सगळ्यात जास्त टाळ्या मामांनी वाजवल्या, आणि मग म्हणाले, "आवाज लय चांगला हाय तुजा. मजकुराचं बघ कायतरी."

मजकूर त्यांच्याकडे होता, हे मला राणीसावरगावला कळायला हवं होतं. तिथं आमची सभा होती. मामा तीही सहलच समजून दहा माणसं घेऊन आले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "नावानं पोट भरतंय का रे, बाबा?" मी चाळीस मिनिटं बोललो. म्हातारा जांभया द्यायला लागला. मामा मागून म्हणाले, "पाव्हनं, यादीत नाव असलं की ट्रकात जागा मिळती." म्हातारा म्हणाला, "आन् नसलं तं?" मामा म्हणाले, "तं ट्रक जातो. मानूस हितंच ऱ्हातो." म्हाताऱ्यानं मान हलवली. सभा तिथंच संपली, आणि मला राग आला तो माझी आणखी अर्ध्या तासाची तयारी वाया गेल्याचा.

आता त्या रविवाराकडे येतो. फळ्यावर चार रविवारांखाली एक पाचवी ओळ असायची. वरच्या ओळी मामा दर महिन्याला पुसत. ही कधीच नाही. ती फक्त खडूनं गिरवून ठळक करत : 'औरंगाबाद : विद्यापीठाची कमान. नाव झाल्यावर. तारीख मागाहून.' आठ वर्षं ती तिथं होती. मामी एकाही सहलीला गेल्या नव्हत्या. तुमच्या रिकामेशनात चालावं लय लागतं म्हणायच्या. पण या एका ओळीसाठी त्यांनी पांढरं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं होतं. मला त्या दिवशी मोर्चाची जाहिरात लावायची होती, जागा पुरेना. मी ओला फडका घेतला आणि फळा वरपासून खालपर्यंत साफ केला. 'मोर्चा! मोर्चा! मोर्चा!' असं लिहून मागे वळतो तर मामा, हातात खडू.

"खालची वळ कुनी पुसली?"

मी म्हणालो, मी. आणि पुढे जे बोललो ते इथं कबूल करतो : "आधी नाव तर होऊ द्या, मामा. झालंच नाही तर काय लिहून ठेवता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "म्हंजी तुला वाटायलंय की न्हाई व्हनार," ते म्हणाले, खडू खिशात टाकला आणि निघून गेले. मी आठ दिवस घसा बसेस्तोवर मागणी करत होतो, आणि सहलीचं वेड लागलेला हा माणूस आठ वर्षं जाण्याची तयारी करत होता. मला ते ऐकूही आलं आणि पटलंही. पण मोर्चा होता, मी कबूल करायला थांबलो नाही.

पुढचे दोन महिने फळा कोरा. रविवारी वस्तीत पत्त्यांवरून भांडणं, नळावर भांडणं, कारण नसताना भांडणं. मामींनी मला नळापाशीच गाठलं : "फळा पुसला तं पुसला. माज्या लुगड्याचं काय करू, सांग. पोतेरं?" मी हंडा अर्धाच भरून तिथून काढता पाय घेतला. मग आम्हाला कलेक्टर कचेरीसमोर अटक झाली आणि आठवडाभर परभणीच्या कोठडीत ठेवलं. रविवारी दुपारी पन्नास तरणे गडी घोंगड्यांवरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले. मी उठलो, चार टॉवेल एकमेकांना बांधले आणि दोन तट पाडून रस्सीखेच लावली. मग कोळशानं भिंतीवर लिहिलं, 'चालू महिन्याचं रिक्रिएशन'. चार ओळी विचार करून लिहिल्या. पाचवी हातानं आपणहून लिहिली.

सुटलो तो थेट विहारापाशी. गळ्यातला हार काढायचंही सुचलं नाही. फळ्यावर खाली ती ओळ लिहून काढली. मागून आवाज आला, "विद्यापीठातला पी दीर्घ." मी दीर्घ केला. मामांनी खिशातून तोच खडूचा तुकडा काढला आणि वर पहिला रविवार लिहायला घेतला. क्षमा मागण्याची आणि करण्याची याहून सोपी पद्धत मला चळवळीत कुठं सापडली नाही.

नाव झालं ते यंदा, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. तेही मागितलं नामांतर आणि दिला नामविस्तार. कमान बघायला निघालो त्या गाडीत मी त्याच्या निषेधाचं पत्रक मनातल्या मनात जुळवत होतो. मामींचं लुगडं सोळा वर्षांत घडीवर विरलं होतं, ते त्यांनी दोन पिनांनी सावरलं होतं. कमानीसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "येवढीच व्हय? म्यां मनात हिच्याहून उंच बांधली व्हती." मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला म्हणाले, "वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ बराबर हाय का?" मी हो म्हणालो. त्यानंतर मला ते पत्रक आठवेना.

डोळ्यांमुळे यादी पहिल्यांदाच माझ्या हातात होती. नावं एक्केचाळीस, तिकिटं बेचाळीस. मी पुन्हा पाहिलं. मामांचं नावच नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, "माजं कशाला? यादी करनाऱ्याचं नाव नसतं. तिकडं बी नव्हतं."

"मग समुद्राला कसे गेलात?"

"मी कवा गेलो? ट्रक भरून द्यायचो. तंबूला मानूस लागतो ना." जहाजातून जाता-येतादेखील ते तळाशी पडून होते, उलट्या करत.

मामी म्हणाल्या, "आन् मला इतकी वर्सं सांगत व्हते, पानी कोमट असतंय."

मी पेन्सिल काढली, बेचाळीस आकडा टाकला आणि थांबलो. मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मामींनी रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. त्यांनी कमानीकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. ते मी इथं छापत नाही. ते यादीत आहे. मामांनी शिटी फुंकली, सगळ्यांना मोजलं, मग बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि "पूर्णा पूर्ण" म्हणाले. आरोळी काही निघाली नाही, नुसतं म्हणाले.

आता शिटी माझ्याकडे आहे. मामा विहाराच्या पायरीवर बसून माझे ऱ्हस्व-दीर्घ ऐकून ऐकून दुरुस्त करतात. गुडघे चालत नाहीत, येलदरीही लांब झालीय. फळ्यावर चार रविवारांखाली मी नवी ओळ लिहिली आहे : 'समुद्र. खारा. तारीख मागाहून.' पहिलं नाव त्यांचं, दुसरं मामींचं. तुम्ही पूर्णेला उतरलात आणि सभेची, लग्नाची, मोर्चाची, कसलीही जाहिरात लावायला जागा हवी असली तर आमचा फळा खुशाल पुसा. खालच्या ओळीला हात लावू नका.