एक तारा आणि गोठ्यातला कप

नातेवाईक मला ‘एक तारा गुरुजी’ म्हणतात. शाळेतून निवृत्त झालो, हातात फोन आला आणि वेळही. शहाद्यातल्या मिठाईवाल्याच्या पेढ्यात केस निघाला, मी गूगलवर एक तारा देऊन तसं लिहिलं. चष्मेवाल्यानं दोनदा चुकीची काच बसवली, तेही लिहिलं. गुळमुळीत बोलणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड, आणि त्या चिडीचा बराच अभिमान.

गेल्या हिवाळ्यात तोरणमाळला जाताना घाटाच्या पायथ्याशी एका हॉटेलात आम्ही नवरा-बायको चहाला थांबलो. आम्हाला काचेचे ग्लास मिळाले. पाठोपाठ डोंगरावरच्या चार मजूर बायका आल्या. त्यांच्यासाठी मोरीच्या कडेला फळीवर वेगळे ग्लास होते. प्लास्टिकचे, डागाळलेले, माश्या बसलेले. आपला आपण उचलायचा, आपला आपण विसळायचा. मालक किटली चांगली हातभर वर धरून ओतत होता, तोटी कुठे ग्लासाला लागू नये म्हणून. मला शिसारी आली. तोंडावर मात्र काही बोललो नाही. गाडीत बसून एक तारा दिला आणि लिहिलं, ‘चहा चांगला, मन घाणेरडं. इथे माणूस पाहून ग्लास देतात.’

आठवडाभर ओळखीचे लोक शाबासकी देत होते. मग त्याच रिव्ह्यूखाली मालकाचं उत्तर आलं.

‘सर, नाव वाचून ओळखलं. आपण लिहिलं ते खरं आहे. पूर्वी मी आपल्या मळ्यात मोटर दुरुस्तीला यायचो. गोठ्यात खिळ्याला एक कप टांगलेला असायचा. तो कोणाचा होता?’

तो आमच्या सालदाराचा. धडगावकडचा, त्या बायकांसारखाच डोंगरावरचा हा माणूस अकरा वर्षं आमची शेती सांभाळतोय. टवका उडालेला तो कप माझ्या आईनं त्याला काढून दिला होता. आई गेली, कप राहिला. मी तो रोज पाहत होतो आणि मला त्याची एकदाही किळस आली नाही. आता माझीच येत होती.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, रिव्ह्यू पुसून टाका, खालचं उत्तरही आपोआप जाईल. बोट तिथवर गेलंही होतं. पुसला असता तर हॉटेलवाला सुटला असता आणि मीही. फोन खिशात घातला आणि मळ्यात गेलो.

कप खिळ्यालाच होता, स्वच्छ विसळलेला. सालदार लांब गव्हाला पाणी देत होता. त्याला हाक मारायची हिंमत झाली नाही. कप काढून घरी आणला. बायकोनं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हाऊ कप कोठे ठेवू?” तिनं विचारलं.

आपल्या कपांत ठेव, असं म्हणणार होतो. तेवढ्यात माझ्या हाताकडे लक्ष गेलं. मळ्यापासून घरापर्यंत तो कप मी दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरून आणला होता.