नियामत हाफिजजींनी अंथरलेलं तणस

नियामत हाफिजजी कोंढ्याच्या मशिदीत नमाज पढवायचे आणि पोटासाठी गाद्या भरायचे. सकाळी पोरांना कुराण शिकवून झालं की खांद्यावर धुनकी टाकून गावात निघायचे. कुणाच्याही ओसरीत बसून कापूस पिंजायचे. दाढीत कापसाचे तंतू कायम अडकलेले असत, त्यामुळे पिकलेले केस किती आणि कापूस किती हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. माणूस गोड, पण हट्टी. धर्माच्या बाबतीत ते आपल्या जागेवरून तसूभर हलत नसत. मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी माझ्या नवऱ्याशीही भांडले नसेन. आणि आज ज्यांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात, अशी माणसं मोजायला बसले तर पहिलं नाव त्यांचंच येतं.

मी गोमाजी पाटलांची लेक, निर्मला. आई माझ्या बाळंतपणातच गेली. भिंतीपलीकडे जैतुनबी राहायची. तिचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तिचा जब्बार तेव्हा अंगावर पीत होता. तिने एका बाजूला त्याला घेतलं, दुसऱ्या बाजूला मला. बापाने विचारलंही नाही आणि तिने सांगितलंही नाही. मी वाढले, शिकले, गावातल्याच शाळेत मास्तरीण झाले, पण माझी माय म्हणजे जैतुनमाय आणि भाऊ म्हणजे जब्बार.

याच जैतुनमायच्या ओसरीत हाफिजजींचा आणि परकारसाहेबांचा वाद रंगायचा. परकारसाहेब रत्नागिरीकडचे, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. पवनीला राहायचे. तलावांच्या पाहणीला आले की शुक्रवारची नमाज कोंढ्यात पढायचे आणि मग चहाला जैतुनमायकडे. कोंढ्याचे सगळे मुसलमान हनफी मताचे, परकारसाहेब कोकणातले म्हणून शाफई. सुरुवातीला मला वाटायचं, यांची पुस्तकं वेगळी असतील. तसं काही नव्हतं. पैगंबर काय बोलले, काय वागले, याच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात त्या हदीस. त्या दोघांनाही मान्य होत्या. भांडण होतं ते अर्थावरून. एखादी गोष्ट पैगंबरांनी केली ती सगळ्यांसाठी, की तेवढ्या प्रसंगापुरती?

परकारसाहेब तलावातले खेकडे मिटक्या मारत खायचे. "पाण्यातलं सगळं हलाल, हदीस आहे," म्हणायचे. हाफिजजी नाक मुरडायचे. "पाण्यातलं म्हंजे मासोळी. खेकडा काय मासोळी हाय? त्याले तर पाय हायत!" परकारसाहेब हसून म्हणायचे, "मग तुमच्या वाटचेही मला द्या."

एकदा विषय माझ्यावर आला. परकारसाहेबांनी जैतुनमायला विचारलं, "निर्मलाबाईंना तुम्ही किती वेळा पाजलंत? आमच्यात पाच वेळा पोटभर पाजलं, तरच दुधाचं नातं लागतं." हाफिजजी उसळले. "आमच्यात एक घोट पुरे! एक घोट प्याली की पोर सगी." जैतुनमाय सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "मोजाले काय ते रतिबाचं दूध होतं? जवा रडली तवा पाजलं." दोघाही पंडितांनी कप तोंडाला लावले. त्या दिवशी मला हाफिजजींचं मत फार आवडलं होतं, हे कबूल करते. जिथे दुसरा दार अरुंद करतो तिथे हा माणूस उघडं टाकतो, असं वाटलं. पण दारं सगळ्यांची सगळीकडे सारखी उघडत नाहीत. ते चौऱ्याहत्तर साली कळलं.

जब्बार नागपूरच्या एका मालकाचा ट्रक चालवायचा. त्या भाद्रपदात तार आली. आसामातल्या घाटात ट्रक दरीत गेला होता. तिथल्या लोकांनी जब्बारला तिथेच दफन केलं होतं. तार मीच वाचून दाखवली. जैतुनमाय रडली नाही. हातातली बांगड्यांची लडी खाली ठेवली आणि म्हणाली, "हाफिजजीले बलाव."

हाफिजजी आले. तिने एकच मागणं केलं. "माया लेकाची जनाज्याची नमाज पढा. माया दारात पढा. म्या त्याले मातीबी नाही देल्ली. येवढं तरी माया डोळ्यासमोर होऊ द्या."

हाफिजजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "आपा, मय्यत समोर नाही. आपल्यात अशी नमाज होत नाही. मी दुआ करतो, कुराण पढतो, रोज पढतो. पण जनाज्याची नमाज नाही."

"तिकडं कोणी पढली असन का?"

"पढली असन."

"असन म्हंता. ठाऊक हाय का?"

"नाही, आपा. ठाऊक नाही."

ते इथेच उठून गेले असते तरी चाललं असतं. जैतुनमायला पुढचं काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण ते उठले नाहीत. स्वतःच्याच विरुद्ध जाणारी गोष्ट त्यांनी स्वतः होऊन सांगितली. हबशांचा राजा नजाशी दूरदेशी वारला, तेव्हा पैगंबरांनी मदिनेत लोकांना मैदानात नेलं, रांगा लावल्या आणि समोर मय्यत नसताना त्याच्यावर नमाज पढली. "हे खरं हाय," ते म्हणाले. "हदीस पक्की हाय. पण आमचे इमाम म्हंतात, ते नजाशीपुरतंच होतं. रसूलचे कितीतरी साथीदार दूर दूर मेले, त्यांच्यासाठी असं पढल्याचं सापडत नाही. शाफई लोक म्हंतात, एकदा केलं म्हंजे सगळ्यांसाठी केलं."

माझं डोकं तापलं. "मग तुम्ही काहून नाही पढत? एका राजासाठी चालते, मायच्या लेकासाठी चालत नाही?"

"मास्तरीणबाई," ते शांतपणे म्हणाले, "मले जे बरोबर वाटत नाही ते मी अल्लासमोर उभा राहून कसं करू? आपाले खोटी नमाज देऊ का?"

ते गेले. मी त्यांच्या पाठीमागे जे बोलले ते इथे लिहीत नाही. जैतुनमाय मात्र म्हणाली, "त्याले नको बोलू. त्यानं खरं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाफिजजी सायकलवर बसून पवनीला गेले. चिखलाचा रस्ता, वयही झालेलं. दुपारी परतले ते मागे कॅरिअरवर परकारसाहेबांना घेऊनच. दोघांचे पायजमे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. परकारसाहेबांनी मला नंतर सांगितलं की हाफिजजी दारात उभे राहूनच म्हणाले होते, "चला, तुमची नमाज हाय."

"माझी?"

"मी पढू शकत नाही. तुम्ही पढू शकता. त्या बाईचा लेक मेला हाय. रसूलच्या गोष्टीचा एकच अर्थ हाय आणि तो माया जवळच हाय, असं मी तिले कोणत्या तोंडानं सांगू?"

परकारसाहेब लगेच चप्पल घालून निघाले. वाटेत वाद झाला तो फक्त सायकल कोणी चालवायची यावर.

जैतुनमायच्या दारासमोर घोट्याएवढा चिखल होता. लोक उभे राहणार कुठे? हाफिजजी आमच्या अंगणात आले. बाप गोठ्यात होता. "गोमाजी, थोडं तणस पाह्यजे होतं." तणस म्हणजे धानाचा वाळला पेंढा; भाद्रपदात ते सोनं. नवा धान निघेपर्यंत बैलांना तेवढंच. बापाने ढिगाकडे हात केला आणि म्हणाला, "जब्बारासाठी ना? लागन तेवढं न्या." आणि स्वतःच एक भारा डोक्यावर घेतला.

हाफिजजींनी ते तणस स्वतः अंथरलं. वाकून, मुठीमुठीने, गादीत कापूस भरावा तसं सारखं. रांगांसाठी अंथरलं आणि पुढे एक लांबट जागा मोकळी सोडली. जनाजा ठेवतात तेवढी. परकारसाहेब म्हणाले, "हाफिजजी, याची गरज नाही. आमच्यातही नाही."

"असू द्या," हाफिजजी म्हणाले. "मायले पाहाले काही तरी लागते."

मग ते बाजूला झाले. गोठ्याच्या खांबाजवळ, माझ्या बापाशेजारी जाऊन उभे राहिले. रांगेत आले नाहीत, पण येणाऱ्या कुणाला अडवलंही नाही. परकारसाहेबांनी नमाज सुरू केली. प्रत्येक 'अल्लाहू अकबर'ला त्यांचे हात कानांकडे जात, तसं त्यांच्यात असतं. मागचे कोंढ्याचे लोक पहिल्यांदा हात उचलून मग बांधूनच उभे, तसं हनफींत असतं. एकाच नमाजेत दोन पद्धती चालल्या होत्या आणि कुणाचं काही अडलं नाही. जैतुनमाय ओसरीत उभी होती. मी तिला धरलं होतं. तिची नजर सगळा वेळ त्या मोकळ्या जागेवर होती. नमाज संपली आणि तेव्हा कुठे ती रडली. हाफिजजी गोठ्यापाशीच हात पसरून दुआ करत होते. दुआ त्यांच्या मतात बसत होती.

मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींना हे पटलं नाही. इमामानेच बाहेरच्या मताला गावात आणलं म्हणून त्यांनी हाफिजजींशी महिनोन्महिने बोलणं टाकलं. हाफिजजींनी खुलासा केला नाही की माफी मागितली नाही. त्या हिवाळ्यात गावातल्या सगळ्या घरांना अचानक नव्या गाद्या हव्या झाल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तर माणसांपेक्षा गाद्या जास्त झाल्या.

शहाऐंशी साली हाफिजजी आपल्या म्हाताऱ्या उस्तादांना भेटायला उत्तर प्रदेशात गेले आणि तिकडेच वारले. उस्तादांच्या गावीच दफन झाले. बातमी आली तेव्हा जैतुनमाय खूप थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. ती म्हणाली, "परकारसाहेबाले बलावा. हाफिजजीसाठीबी तशीच नमाज पढाले सांगा. त्यानं माया लेकासाठी आणली, म्या त्याच्यासाठी आणतो."

परकारसाहेब तेव्हा भंडाऱ्याला होते. ते धावतच आले. जैतुनमायच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "माय, मी पढू शकतो. माझ्या मताने ती होते. पण त्यांच्या मताने होत नाही. आयुष्यभर त्यांनी मला माझ्या जागेवर उभं राहू दिलं. आज ते इथे नाहीत म्हणून मी त्यांची जागा कशी घेऊ?"

मला वाटलं, आता जैतुनमाय मोडेल. लेकासाठी मिळालं ते हाफिजजींसाठी मिळत नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "बरोबर हाय. त्याले खोटं चालत नव्हतं. कुराण पढा, दुआ करा. त्याच्या रीतीनं करा."

कुराण पढायला गाव लोटलं. मशिदीत जागा पुरेना म्हणून जैतुनमायच्या दारात बसायचं ठरलं. परकारसाहेब बाह्या सारून आमच्या अंगणात आले. बाप आता नव्हता, ढीग होता. आम्ही दोघांनी तणस अंथरलं. हाफिजजींसारखं सारखं येत नव्हतं, कुठे जाड, कुठे विरळ.

"निर्मला," ओसरीतून जैतुनमायचा आवाज आला, "समोरची जागा सोडली का?"

"माय, आज जनाजा नाही, नमाजही नाही. आज फक्त दुआ हाय."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तरी सोड."

परकारसाहेबांनी दोन मुठी तणस मागे ओढलं. जागा मोकळी झाली.