आधी त्यांना विचारू

आमच्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टरबाई कॅन्सरच्या शेवटाला आलेल्या पेशंटशी उभ्याने कधी बोलल्या नाहीत. बाहेर ॲम्ब्युलन्स कोकलत असो, बाई पायाने स्टूल ओढून खाटेला खेटून बसणार. एरवी कंपन्यांतून बोटं चिरडलेले आले की विजेसारखा हात चालायचा त्यांचा. पण असा माणूस धापा टाकत आला की यांना कसलीच घाई नसायची. मी त्यांची सिस्टर, मनातल्या मनात चरफडायची.

नातेवाईक त्यांना दाराबाहेर गाठून कुजबुजायचे, "मॅडम, त्यांना काही सांगू नका." बाई रागवायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "आपण आधी त्यांना विचारू या." एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, असलं विचारायला भीती नाही वाटत?"

"वाटते की गं. पण माणूस आत जिवंत आहे आणि आपण बाहेर त्याचं ठरवतोय, त्याची जास्त वाटते."

भोसरीचे एक फिटरकाका आठवतात. मूळचे बीडकडचे. फुप्फुसाचा कॅन्सर अंगभर पसरलेला, उपचार थकलेले. मुलगा चाकणच्या कंपनीतली शिफ्ट अर्धी टाकून, युनिफॉर्मवरच त्यांना घेऊन आला होता. "मशीन लावा मॅडम, काय लागेल ते करा. नाहीच जमलं तर आत्ताच गावाला नेतो. बाबांची माती गावातच व्हायला पाहिजे." बीडकडचा माणूस म्हटल्यावर मीही तेच धरून चालले होते.

बाईंनी औषध देऊन काकांची धाप जरा बसवली आणि मुलाला शेजारी उभं करून विचारलं, "काका, आजाराचं तुम्हाला काय काय ठाऊक आहे?"

काका मुलाकडे बघून हसले. "समदं ठाव हाय. ह्यालाच वाटतं, मला ठाव न्हाई."

"आजार आता हटणार नाही, काका. मशीन लावलं तर श्वास चालेल, पण बोलता येणार नाही, आणि ते सुटेलच असंही नाही. तुमच्या मनात काय आहे?"

"मशीन नगं. गावाकडं बी नगं." मध्ये बराच वेळ धाप. "तिथं आता कोण हाय माझं? बायकू हितं, शेजारी हितं. खोलीवर न्या."

मुलगा भिंतीला टेकून रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग काकूंना आत बोलावून, धाप लागली तर कुठलं औषध किती द्यायचं, ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. काका त्याच आठवड्यात गेले, खोलीवरच.

महिन्याभराने मुलगा बाईंना भेटायला आला. बाई तोवर आमचं हॉस्पिटल सोडून नाशिकला गेल्या होत्या, म्हणून मलाच सांगू लागला. "भावकी तुटून पडली, सिस्टर. बापाला गावची माती मिळू दिली नाही म्हणतात. मी सांगतो, बाबा स्वतः बोलले होते. मॅडमनी विचारलं नसतं, तर आयुष्यभर स्वतःलाच खात बसलो असतो." डोळे पुसून तो निघाला. आईला आता गावी चुलत्यांकडे ठेवणार, असंही जाता जाता म्हणाला.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "काकूंना कुणी विचारलं का गं, त्यांना कुठे राहायचंय?"

मुलगा गेटपाशी गाडीला किक मारत होता. मी हाका मारत धावले.