यासीनच्या कामातलं भोक

यासीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाटणला एका गिऱ्हाइकाच्या प्रिंटरशी झटत होतो. कऱ्हाडला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. आज दीड महिना झाला. लिहायला बसलोय त्याच्याविषयी, पण लाज वाटतेय ती माझी...

मलकापुरात एका खोलीत आम्ही दोघं पीएचपी या संगणकाच्या भाषेत वेबसाइट बनवायचो. तो शिस्तीचा, मी उरकणारा. वेबसाइटच्या चौकटीत लोक जे लिहितात ते जसंच्या तसं डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, विचारायच्या प्रश्नात चिकटवलं, तर एखादा वात्रट माणूस स्वतःच्या नावाच्या जागी हुकूमच लिहितो आणि सगळी माहिती पुसून टाकतो. म्हणून प्रश्न आधी तयार करायचा, त्यात जागा मोकळी ठेवायची आणि लोकांचं लिहिणं मागाहून तिथं भरायचं. यासीन म्हणायचा, "गड्या, गुळाची बादली आदी, पाक मागनं. पाकानं बादलीचा आकार बदलायचा न्हाई." माझ्या कामात चिकटवाचिकटवी दिसली की खोलीवर आलेल्या दोस्तांसमोर विचारायचा, "ह्यो बिनबादलीचा गूळ कुनाचा रं?" सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून धुमसायचो.

तो गेल्यावर त्यानं बनवलेली तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची वेबसाइट माझ्याकडे आली. भाव, गाव, प्रत किंवा तारीख निवडली की त्या क्रमानं माल दिसायचा. ते पान उघडलं आणि चमकलोच. निवडलेल्या रकान्याचं नाव यासीननं थेट प्रश्नात चिकटवलं होतं! खरं सांगतो, मला आनंद झाला. माणूस जाऊन महिना झाला नव्हता आणि मी एकटाच हसलो. लगेच व्यापाऱ्याला फोन लावला, "दादा, यासीननं मोठं भोक ठेवलंय. नशीब, मी बघितलं."

"आसं व्हय," एवढंच ते म्हणाले.

मग भोक बुजवायला बसलो. रकान्याच्या नावासाठी मोकळी जागा ठेवून पाहिली, तर माल क्रमानं लागेचना. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. त्या मोकळ्या जागेत लोकांनी लिहिलेलं भरता येतं, रकान्याचं नाव नाही. ते चिकटवावंच लागतं. आणि म्हणूनच यासीननं दोन ओळी वर भाव, गाव, प्रत, तारीख हे चारच शब्द ठरवून ठेवले होते. आलेला शब्द त्यांतला नसेल तर त्याला बाहेरचा रस्ता. भोक नव्हतंच. वरच्या ओळी वाचायच्या आधीच मी मेलेल्या मित्राची चुगली करून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी धीर करून फोन केला. "दादा, माझंच चुकलं. यासीनचं काम चोख होतं. कुणाला बोलला नाहीत ना?"

"न्हाई वो. त्यांनी तसं ठिवलं आसंल तर कायतरी कारन आसंल, म्हटलं. तुमी त्यांचं दोस्त, तुमाला उमगंल सावकाश. म्हनून गप बसलो."

कब्रस्तानात जायचं धाडस अजून झालेलं नाही. ते पान उघडतो, त्याचे ते चार शब्द वाचतो आणि म्हणतो, "चुकलं रं..."