कुंकवाने गप्प केलेलं यंत्र

तुम्ही कधी कॉम्प्युटरची जुनी फ्लॉपी हुंगून पाहिली आहे का? हसू नका. माझ्या आत्याचे यजमान, आमचे काका, हुंगतात. आत बुरशी आहे की मजकूर, हे वासावरून सांगणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात दुसरा नाही.

संपात गिरणीतली कारकुनी गेली. पुढे काका एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला बसले. छापखाना बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या-पंखे उचलले, काकांनी यंत्र उचललं. मग लोकांच्या जुन्या फ्लॉप्यांतला मजकूर काढून द्यायला दुसरं आणलं, तिसरं आणलं. कारण फ्लॉप्या दिसायला सारख्या, पण प्रत्येक कंपनीचं यंत्र आपल्याच पद्धतीने लिहिणार. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येऊ नये, हाच धंदा. मालकांनी गिरण्यांना कुलपं ठोकली, कंपन्यांनी अक्षरांना, असं मी तावातावाने म्हणालो, तर काका म्हणाले, "घोषणा मागून दे रे, आधी पंखा बंद कर. धूळ उडतेय."

बुरशी आलेली फ्लॉपी कापून, आतली काळी चकती साबणाच्या पाण्यात धुऊन ते गॅलरीत वाळत घालतात. एकदा एका वकीलसाहेबांची चकती आत्याच्या सुक्या बोंबलांशेजारी वाळली. साहेब नाक दाबून म्हणाले, "वास कसला हो?"

"तुमच्या जुन्या केसेसचा," काका म्हणाले. मजकूर मात्र सगळा निघाला.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. गिरणी गेली, पूजा काकांच्या खोलीत आली. गेल्या दसऱ्याला आत्याने छापखान्याच्या यंत्रावर जरा सढळ हाताने कुंकू वाहिलं, ते फटीतून थेट आत गेलं. पूजेनंतर यंत्र थोडं फिरवायचं, हा गिरणीतला रिवाज. काकांनी कोरी फ्लॉपी घालून फिरवलं. खर्रर्र झालं, आणि फ्लॉपी वाचणारं हेड कायमचं ओरखडलं.

"झाली तुझी पूजा!"

"माका काय म्हायत, तेचा तोंड उघडा आसा ता!"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. संपात गिरणीच्या गेटवर होणारं आमच्या चाळीतल्या शाहिरांचं लोकनाट्य त्याच यंत्रावर टाइप झालं होतं. शाहीर आजारपणात पडल्या पडल्या सांगायचे, काका उतरवायचे. शाहीर गेले, कागद उंदरांनी खाल्ले, उरली ती एक फ्लॉपी. "लोकांच्या आधी, आपली मागून," म्हणत काकांनी ती काढायची ठेवली ती ठेवलीच. आता ती वाचणारं यंत्र त्यांच्याकडे नाही. तरी अधूनमधून ती पाकिटातून काढून हुंगतात. "बुरशी नाही रे. शाहीर अजून आत बसलाय."

म्हणून विनंती. तुमच्या माळ्यावर एखाद्या बंद पडलेल्या मराठी छापखान्याचा जुना कॉम्प्युटर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी काकांना हाक मारा. एका दुपारपुरता द्या. कुंकू लांबूनच दाखवीन, असं आत्याने कबूल केलं आहे.