वासूभाऊ आणि खाडीतले डॉल्फिन

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी डॉल्फिनच्या रक्तावरून मोडलं.

ज्याच्याशी मोडलं तो वासूभाऊ, माझा आतेभाऊ, काल पिंपळगाव राजात वारला.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. आम्ही रोहिणखेडचे. घरात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. मी मात्र एम.एस्सी. करून कोकणातल्या एका लॅबमध्ये चिकटलो होतो.

काम काय, तर कोळ्यांच्या जाळ्यात अडकून मेलेल्या डॉल्फिनचं रक्त घ्यायचं आणि जेलवर त्यातल्या प्रोटीनच्या पट्ट्या पाडायच्या.

एका खाडीतल्या कळपात सगळ्यांच्या पट्ट्या सारख्याच येत होत्या.

म्हणजे सगळे जवळच्याच नात्यातले, कळप लहान. बाहेरचं कोणी येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच पिल्लं. असा कळप हळूहळू कमजोर होतो आणि एखादी साथ आली की संपतो.

हे ज्ञान घेऊन मी दिवाळीला घरी आलो.

शांताचं वासूभाऊशी ठरलेलंच होतं. ती पाळण्यात असतानाच आत्यानं 'भाची सून' म्हणून मागून ठेवली होती. पण नुसतं मोठ्यांनी ठरवलेलं नव्हतं ते.

पिंपळगावहून कापसाची गाडी मलकापूरला न्यायला रोहिणखेड वाटेत लागत नाही. वासूभाऊला लागायचं. आणि शांताला नेमकं तेव्हाच अंगण झाडायचं सुचायचं.

भाऊबिजेला आत्या आली, सोबत वासूभाऊ. ओट्यावर बाबा, शेजारचे दोघंतिघं, आणि मध्ये मी. समुद्राच्या गोष्टी सांगत होतो.

"मासाच ना तो?" आत्यानं विचारलं.

"मासा नाई आत्या. पिलाले दूध पाजते."

"दूध पाजते? मंग त आपल्यासारखाच झाला."

मला भारी कौतुक वाटलं. रंगात येऊन खाडीतल्या कळपाचंही सांगितलं. एकाच रक्तात पुन्हा पुन्हा झालं की काय होतं, सगळं.

बाबा म्हणाले, "म्हंजे घरच्याच ज्वारीचं बियानं सालोसाल पेरल्यावानी."

हायब्रीड नुकतंच आलं होतं, गावात तोच विषय होता.

"हाव बाबा, तसंच."

बाबांनी वासूभाऊकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या शांताकडे.

आत्यानं पानाचा डबा बंद केला.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, की एका लग्नानं असं होत नाही. धोका थोडा वाढतो, खरं आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या कळपाची गोष्ट वेगळी आणि या दोघांची वेगळी.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सगळा ओटा माझं ऐकत होता. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकत होते. मला ते सोडवेना.

साक्षगंधाच्या आधी बाबांनी आत्याला नकार कळवला.

"पोरगा शिकलेला हाये. तो सांगते त खरंच असंन."

शांताला अकोल्याकडे दिली. माणूस भला मिळाला, संसार चांगला झाला. तिचा नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

वासूभाऊनं लग्न केलंच नाही.

आणि पुढे आमच्याच नात्यात आतेमामेभावंडांची लग्नं झाली. बाबांनी स्वतः उभं राहून लावली. पोरं धडधाकट आहेत. तेव्हा डॉल्फिन कुणालाच आठवला नाही. मलाही.

वासूभाऊ माझ्यावर कधी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

माझ्या रिटायरमेंटच्या सुमारास एकदा कोकणात आला.

"दाखव बे, कोनता मासा हाये तुहा तो."

होडीतून नेलं. बराच वेळ पाणी नुसतंच हलत होतं. मग दोन काळ्या पाठी वर आल्या, श्वास सोडून खाली गेल्या.

वासूभाऊ बघतच राहिला.

"याच्यापायी का बे?"

मी मान खाली घातली.

तो म्हणाला, "देखना हाये पन." मग म्हणाला, "आता काय करून राह्यला तू याईचं?"

मी सांगितलं. बाहेरचे डॉल्फिन येऊन मिसळले तर कळप टिकेल. पण खाडीच्या तोंडाशी जाळी आडवी आहेत. ती हलवा म्हणून सरकारदरबारी खेटे घालतोय.

"अन् नाईच आले बाहेरचे त?"

"त आपसातच..."

"करू दे ना मंग. एकटं राह्यन्यापरीस बरं."

जन्मभर मी कळप वाचवायचे रिपोर्ट लिहिले. त्या होडीत माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं खिशातून फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"खा," म्हणाला.

मी खाल्ले. तेवढीच लायकी होती माझी.

रिटायर झाल्यापासून मी बुलढाण्यात राहतो; काल तिथेच मला त्याच्या जाण्याचा फोन आला. निघण्याआधी मी शांताला कळवलं. पंचाहत्तरी गाठलेली बाई.

म्हणाली, "भाऊ, तू जाऊन राह्यला का मातीले?"

"हो."

"माह्याकून एक गोवरी ठेवजो. कोनी इचारलं, कोनाची हाये, त माहं नाव सांगजो."

त्याच्या पुतण्यानं अग्नी दिला. त्याआधी सगळ्यांनी ठेवल्या तशी मीही चितेवर गोवरी ठेवली. मग दुसरी उचलून ठेवली.

कोणीच विचारलं नाही.

म्हणून इथे सांगतोय. दुसरी गोवरी शांताची होती.

वासूभाऊ, रामराम.