पार्सलावर खरं लिहिणारी मुलगी

माझ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत तीन दिवस तरंगलेलं प्रेत बाहेर काढून त्याचा पंचनामा केला. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. जी घटना आजही आठवली की हातातला घास ताटात ठेवावासा वाटतो, तिच्यात मात्र ना रक्त होतं ना चोरी. एक शंख होता आणि दोन बायका होत्या.

दोन हजार सहा साल असावं. मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी घाटावरचा; मालवणी कळायची, बोलता येत नसे. एका सकाळी हजेरी संपवून टपाल फोडत होतो, तेव्हा जिल्ह्यावरून आलेलं एक पत्र हाती लागलं. मुंबईत परदेशी टपाल तपासताना एका पार्सलात मोठा शंख सापडला होता. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्या जातीच्या शंखाची खरेदी-विक्री वाघाच्या कातड्याइतकीच गंभीर. पाठवणाऱ्याचं नाव, गाव, फोन, सगळं पार्सलावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. पत्ता तारकर्लीच्या रस्त्यावरचा.

खरं सांगतो, शंख विकणं गुन्हा असू शकतो हे मलाही त्या पत्रानेच कळलं. कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि यादीत बोट फिरवत बसलो. आमचे जुने हवालदार मागे उभे होते. पत्त्यावर नजर टाकून ते म्हणाले, "साहेब, ही बाय तशातली नाय. घोवाची होडी बुडाली तेव्हापासून शंखांचे माळे करून इकता. मी वळखतंय तिका."

"ओळखता म्हणून गुन्हा नोंदवायचा नाही का?"

मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले, वनविभागाच्या अधिकाऱ्याला आणि महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेतलं आणि निघालो.

माडांच्या बागेत कौलारू घर. ओटीवर सुतळीत ओवलेल्या शिंपल्यांचे पडदे टांगलेले, सुपात कवड्या धुऊन वाळत घातलेल्या. बाई पन्नाशीच्या आत-बाहेर, हाताला डिंक लागलेला. गणवेशातले चौघे-पाचजण पाहून त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "भायर कित्याक उभे? भितूर येवा."

पोलिसाला सगळ्यात अवघड जाते ती अशी झडती. जिथे दार अडवलं जातं, तिथे आपण धक्का देऊन आत जातो. इथे त्या बाईंच्या मुलीनेच सगळी कपाटं उघडून दिली. तिचं वय तेवीस-चोवीस, बी.कॉम. झालेली. कुडाळला जाऊन संगणकाचा कोर्स केला होता, तिथूनच एक जुना संगणक आणला होता आणि स्वतःच वेबसाइट तयार केली होती. तिने ती आम्हाला दाखवली. शिंपल्यांची तोरणं, दिवे, आरसे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी: कोणी बनवलं, किती दिवस लागले, कुठे डाग किंवा तडा आहे.

"तडा आहे असं कशाला लिहिलंस?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला हातात घेऊन बघता येत नाही ना, सर. मग आपणच सांगायला हवं."

मोठ्या शंखाचाही फोटो तिथे होता. माणसाच्या डोक्याएवढा, कडेने शिंगांसारख्या गाठी असलेला. तसेच आणखी दोन फडताळात सापडले. वनविभागाच्या अधिकाऱ्याने जात ओळखली. आम्ही ते शंख, संगणक आणि टपालाच्या पावत्या जप्त केल्या. पंचनाम्यावर मुलीने स्वच्छ मराठी अक्षरात सही केली. आईने अंगठा उठवला आणि मग तो पदराला पुसत विचारलं, "साहेब, आमी काय चोरलंव? इकत घेतललो शंख. बाजारात धा दुकानांत असोच आसा."

ते खरं होतं. मी स्वतः त्या दुकानांवरून रोज जीप घेऊन जात होतो.

ठाण्यात मुलीचा जबाब घेतला. चौकशीत माणसं खोटं कसं बोलतात हे मला चांगलं कळायचं. काहीजण प्रश्न परत विचारतात, काहीजण पाणी मागतात, काहीजण देवाची शपथ आधीच घालतात. ही मुलगी यातलं काहीच करत नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती, आणि आठवलं नाही तर नाही म्हणत होती.

तिने सांगितलं की शंख कुडाळच्या बाजूचा एक व्यापारी पोती भरभरून आणतो, दक्षिणेकडून. ते मोठे शंख त्यानेच दिले होते. परदेशातून ऑर्डर आली तेव्हा पार्सल कसं करायचं हेही तिने त्यालाच विचारलं होतं. त्याने सांगितलं, फॉर्मवर 'चिनी मातीचं भांडं' लिही, कोणी उघडून बघत नाही.

"आणि तू काय लिहिलंस?"

"समुद्रातला शंख, एक नग."

"का?"

तिला प्रश्नच कळला नाही. "शंखच होता ना, सर."

समोर बसलेल्या लेखनिकाचा पेन थांबला. मी त्याला "लिहा" म्हणालो.

तपासाला दिशा तिच्याच वहीने दिली. तिने प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली होती. कुठल्या दिवशी, कोणाकडून, टेम्पोचा नंबर काय. त्या नोंदींत व्यापाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि गोदामाचा पत्ताही होता. मला वाटलं, आता खरा माणूस सापडला. या दोघींना साक्षीदार करता येईल, निदान न्यायालयापुढे त्यांची बाजू तरी येईल.

गोदामावर छापा घालायचा तर ते माझ्या हद्दीबाहेर होतं. परवानगीसाठी मी दुपारीच वरिष्ठांच्या बंगल्यावर गेलो. कोणत्या वरिष्ठांच्या, ते लिहीत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, व्यापाऱ्याचं नाव दोनदा विचारलं आणि "उद्या सकाळी करा" म्हणाले. उठताना माझं लक्ष खिडकीकडे गेलं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून, तोच शंख ठेवला होता. त्याच जातीचा, तशाच गाठींचा. त्यांनी मी बघतोय हे पाहिलं. मी सलाम केला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाची फरशी ओली होती. कोणीतरी पाणी मारून धुतली होती, तरी शंखातला जीव कुजल्यावर येतो तो वास भिंतींना होता. आत काथ्याच्या दोऱ्यांची वेटोळी रचलेली होती, बाकी काही नाही. व्यापाऱ्याने मला खुर्ची दिली. "माझा धंदा काथ्याचा, साहेब. त्या पोरीने वहीत काहीही लिहावं. माझी पावती दाखवा ना एखादी."

त्याने कधीच पावती दिली नव्हती. आमच्याकडे होती ती फक्त तिची वही, आणि ती वही कायद्याच्या भाषेत तिच्याच विरुद्धचा पुरावा होती.

छापा कधी पडणार हे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी. मी अहवालात लिहिलं, 'गोदामात आक्षेपार्ह काही मिळून आले नाही.'

दोघींना अटक करावी लागली. वेबसाइट मुलीच्या नावाची, माल आईच्या ताब्यातला. आईने टेबलावरचा माझा हात धरला. "सगळा माझ्या नावार घाला, साहेब. चेडवाक सोडा. तेचा अजून लगीन जावचा आसा."

"मावशी, तसं करता येत नाही."

"तुमका येता. तुमी लिवतास ताच खरा."

पाच दिवसांनी जामीन झाला. पण गावात तोवर दुसराच खटला निकाली निघाला होता. शंखाचा गुन्हा कोणाला समजला नाही. इंटरनेटवर मुलगी काहीतरी विकत होती, परदेशातली माणसं तिला पत्रं पाठवत होती आणि पोलीस संगणक उचलून घेऊन गेले, एवढंच लोकांना समजलं. उरलेलं ज्याने त्याने आपापल्या मनाने भरलं. हवालदारांनी मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे न बघता सांगितलं, "साहेब, चेडवाचे कसले कसले फोटो होते म्हणान लोक बोलतत. बाजारात मान वर करून चलाक देयनत नाय." मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा लोकांना खरं काय ते. ते म्हणाले, "सांगतंय. आयकता कोण?"

बाजारातल्या दुकानांनी मोठे शंख आठवडाभर आत ठेवले. मग पुन्हा बाहेर मांडले.

वर्षभराने चारित्र्य पडताळणीचा एक फॉर्म माझ्या टेबलावर आला. मुलीने स्पर्धा परीक्षा दिली होती आणि एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून तिची निवड झाली होती. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: उमेदवाराविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय? मी तो फॉर्म तीन दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी ती स्वतः आली. वाळली होती. मी बस म्हटलं तरी उभीच राहिली.

"फॉर्म आलाय ना, सर?"

"आलाय."

"काही वेगळं लिहा म्हणून सांगायला मी आलेली नाही. खटला कधी संपेल तेवढं विचारायचं होतं."

मी म्हणालो, सांगता येत नाही.

ती "बरं" म्हणाली आणि निघाली. दारापाशी ठाण्याची झाडलोट करणारी बाई बसली होती. ती पटकन बाजूला सरकली, आपला पदर सावरून, जणू हिचा स्पर्श होऊ नये. मी ते पाहिलं. मग रकान्यात 'होय' लिहिलं, गुन्हा क्रमांक घातला, शिक्का मारला. दुसरं काही लिहिणं म्हणजे सरकारी कागदावर खोटं लिहिणं झालं असतं.

त्यानंतर माझी बदली झाली. खटला चालत राहिला. एका तारखेला मीही साक्षीला गेलो. उलटतपासणीत मला व्यापाऱ्याबद्दल विचारलं, बंगल्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन बोललो नाही. पुढे दहा-अकरा वर्षांनी दोघी निर्दोष सुटल्या असं हवालदारांनी फोनवर कळवलं. दोघी म्हणायचं ते कागदावर. निकालाच्या आधीच्या पावसाळ्यात आई वारली होती. मुलगी मुंबईला एका नातेवाइकांकडे राहून कुठल्याशा कारखान्यात खोकी भरण्याचं काम करत होती. वयोमर्यादा संपल्यामुळे सरकारी नोकरीचा प्रश्न उरला नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर उत्तर देताना मला लाज वाटते. कायदा चुकीचा नव्हता. ते शंख समुद्रातच राहायला हवेत, हे मला आजही पटतं. पण तपास म्हणजे शेवटी कागद, आणि कागद त्याच्याचकडे सापडतात जो ते जपून ठेवतो. जो नाव लिहितो, त्याचं नाव मिळतं. जो पत्ता देतो, त्याच्या दारात आपण जातो. फरशी धुणाऱ्याला कायदा फार क्वचित गाठतो. आणि ज्या दिवशी गाठू शकला असता, त्या दिवशी त्याचा रखवालदार सलाम करून बाहेर आला होता.

निवृत्तीच्या समारंभात माझ्या कारकिर्दीत उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचा आकडा वाचून दाखवला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आकड्यात हा गुन्हाही धरलेला आहे.